रेस गाडीच्या ट्रेलरवर छोटा कॉम्प्रेसर: निवडीपासून बसवण्यापर्यंतच्या नोंदी

३ ऑगस्ट, फोंडा

गाडी जुनी मारुती एस्टीम, ट्रॅकसाठी तयार केलेली. चालवतो भाचा, गाडी सांभाळतो मी. ट्रेलर बंद पेटीचा, कुंडईच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला. सर्किट रेसिंग करायचं तर गोव्यातून बाहेर पडावंच लागतं. ऑक्टोबरात कोइमतूरला जायचं आहे, चेट्टीपालयमच्या कारी मोटर स्पीडवेवर. त्याआधी ट्रेलरवर स्वतःची हवा हवी. आतापर्यंत पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी टीम गाड्या लावतात तिथे, शेजारच्या टीमकडे पाइप मागून भागवलं. पण सेशनच्या आधी सगळ्यांना एकाच वेळी हवा लागते आणि मागणाऱ्याचा नंबर शेवटचा.

दुकानात गेलं की समोरचा एचपी आणि टाकीचे लीटर सांगायला लागतो. म्हणून आधी आपल्याला हवा किती लागते ते कागदावर मांडलं.

टायर १७५/७० आर १३. आतली जागा साधारण २५ लीटर. १८ पीएसआयवरून २८ वर न्यायचा म्हटला तरी एका टायरला मोकळी (न दाबलेली, बाहेरची) हवा लागते १७ लीटर, चारांना मिळून सत्तरच्या आत. २४ लीटरची टाकी ११५ पीएसआयपर्यंत भरून ४० पर्यंत वापरली तर १२० लीटर हवा हातात येते. म्हणजे टायरसाठी छोटी टाकी एका भरण्यात पुरते. रेसच्या दिवशी तर दोन-तीन पीएसआय इकडे-तिकडे एवढंच काम असतं.

अडतं ते व्हील नटच्या गनपाशी. हवेवर चालणाऱ्या अर्ध्या इंची न्यूमॅटिक गनच्या डब्यावर ४ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) असा आकडा असतो. तो वाचून वाटतं, छोटा कॉम्प्रेसरही चालेल. पण बऱ्याच कंपन्यांचा हा आकडा सरासरीचा असतो, मिनिटातला पाऊण वेळ ट्रिगर सुटलेला आहे असं धरून काढलेला. ट्रिगर दाबलेला असताना गन त्याच्या चौपट हवा ओढते, मिनिटाला साडेचारशे लीटरच्या आसपास. तीन सेकंदांचा एक नट म्हणजे वीस-बावीस लीटर. गनला जोर राहायला ९० पीएसआय तरी हवेत, आणि ११५ ते ९० या पट्ट्यात २४ लीटरच्या टाकीतून निघतात जेमतेम ४० लीटर. दोन नट झाले की गनचा जीव जातो. आमच्या गाडीला नट सोळा, काढायचे आणि घालायचे.

त्यामुळे पहिला निर्णय आजच झाला: नट बॅटरीच्या गनने, शेवटचा ताण टॉर्क पान्याने, आणि कॉम्प्रेसर फक्त टायर आणि ब्लो गनसाठी (हवेच्या झोताने धूळ उडवायची ती). या एका गोष्टीने कॉम्प्रेसर निम्म्याहून लहान झाला. ज्यांना हवेचीच गन हवी आहे त्यांनी ३ एचपी आणि १०० लीटरच्या खाली बघूच नये. पुढच्या नोंदी त्यांच्या कामाच्या नाहीत.

१० ऑगस्ट, डिचोली आणि म्हापसा

पाऊस थांबत नव्हता, तरी दोन्हीकडे जाऊन आलो.

डिचोली-सांखळी पट्ट्यात जुना माल बघायला गेलो होतो. २०१८च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खाणी बंद झाल्या, तेव्हापासून ट्रकांच्या वर्कशॉपांतलं सामान विकायला निघत आलं आहे. एका ठिकाणी पट्ट्यावरचा ३ एचपी कॉम्प्रेसर मिळाला. पंप ओतीव लोखंडाचा, चालवून पाहिला तर आवाजही निर्मळ. किंमत नव्याच्या तिसऱ्या हिश्शाला. मन गेलं होतं त्याच्यावर. पण टाकीचा ड्रेन (तळाचं पाणी काढायची तोटी) उघडला तर तांबडं पाणी आलं आणि मागोमाग गंजाचे पापुद्रे. टाकीची जाडी तपासून घेतल्याशिवाय असली टाकी बंद पेटीत, माणसाच्या हाताच्या अंतरावर ठेवणं योग्य नाही. बाहेरून रंग कितीही चांगला असो, टाकी गंजते ती आतून, आणि तीही तळाशी. वजनही शंभर किलोच्या वर होतं. सोडून दिला.

म्हापशाला नवे पाहिले. तीन प्रकार डोळ्यांसमोर होते.

२ एचपी, ५० लीटर, ऑइलवाला, मोटरला थेट जोडलेला. सगळ्यांत स्वस्त आणि हवाही भरपूर. पण हा २८०० आरपीएमवर फिरतो, दुकानात चालवल्यावर बोलणं ऐकू येईना. शिवाय क्रँककेसमध्ये ऑइल. घाटात ट्रेलर डोलला की ब्रीदरमधून ऑइल बाहेर येणार आणि टाकीतही जाणार. टायरमध्ये ऑइलची वाफ नको.

१२ व्होल्टचा दोन सिलिंडरवाला, जीपवाले वापरतात तो. टायर भरतो, पण टाकी नाही, ब्लो गन चालत नाही, आणि थोडा वेळ चालला की विश्रांती मागतो. टो करणाऱ्या गाडीत अडीअडचणीला ठेवायला उत्तम. मुख्य म्हणून नाही.

ऑइल-फ्री, १४०० आरपीएम, २४ ते ३० लीटर. वजन वीस-बावीस किलो, आवाज एवढाच की बाजूला उभं राहून बोलता येतं. आडवा-तिरका झाला तरी सांडायला काही नाही. पिस्टनची रिंग टेफ्लॉनची असते, ती झिजते, म्हणून दिवसभर चालवायच्या गॅरेजसाठी हा नव्हे. आमचं काम दिवसाला काही मिनिटांचं. याच प्रकारावर आलो. आता प्रश्न ५५० वॅट की ७५० वॅट.

१७ ऑगस्ट, फोंडा

ओळखीच्या सुतारकाम करणाऱ्याकडून त्याचा ७५० वॅटचा ऑइल-फ्री एका दिवसासाठी मागून आणला. विकत घेण्याआधी आपल्या जनरेटरवर चालवून पाहायचाच होता. जनरेटर २ केव्हीएचा इन्व्हर्टर प्रकारचा, पेट्रोलवर.

आधी घरच्या विजेवर हवा मोजली. लेबलवर लिहिलेले मिनिटाला १६० लीटर म्हणजे पिस्टनने झाडलेली जागा, बाहेर पडणारी हवा नव्हे. मोजायची रीत सोपी आहे: टाकी ८० पीएसआयवरून ११० वर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघायचं. ३० पीएसआय म्हणजे जवळजवळ २ वातावरण, टाकी २५ लीटर, म्हणजे टाकीत गेली ५१ लीटर. आम्हाला लागले ३८ सेकंद. मिनिटाला ८० लीटर. लेबलच्या निम्मी. दुकानात कुणी चालवून दाखवत असेल तर हीच चाचणी तिथेच करून घ्यावी.

मग जनरेटर. कॉम्प्रेसरचा स्विच टाकला, मोटर गुणगुणली, जनरेटरचा लाल दिवा लागला आणि पुरवठा बंद. ही मोटर चालताना ५ अँपिअरच्या आत-बाहेर घेते, पण उठताना त्याच्या चार ते सहा पट. २ केव्हीएचा जनरेटर देतो ८.७. भाच्याने जनरेटरचा इको स्विच बंद करून पाहिलं, तेव्हा रिकाम्या टाकीवर मोटर एकदा उठली. इकोवर इंजिन मंद चालत असतं आणि अचानक भार आला की त्याला वेग घ्यायला सवड मिळत नाही. पण टाकीत हवा असताना पुन्हा उठली नाही ती नाहीच.

केबलचाही हिशोब याच निमित्ताने केला. आमची एक्स्टेन्शन ३० मीटरची, १ चौरस मिमीची. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, रोध १ ओहमच्या थोडा वर. उठताना २५ अँपिअर गेले तर २६ व्होल्ट वायरमध्येच खर्च. पॅडॉकमधला सॉकेट आधीच २१० वर असेल तर मोटरला मिळणार १८०च्या घरात, आणि कमी व्होल्टेजवर अडकलेली मोटर वाइंडिंग जाळते. २.५ चौरस मिमीची केबल घेतली की तोच तोटा १० व्होल्टवर येतो. नवी केबल खर्चात धरली.

६ सप्टेंबर, फोंडा

चवथीच्या दिवसांत कुणीच कामावर नव्हतं, फॅब्रिकेटरही नाही. त्यात ऑगस्टचा शेवट गेला.

५५० वॅटचा, २४ लीटरचा ऑइल-फ्री घेतला. जनरेटरवर, इको बंद ठेवून, पहिल्या फटक्यात उठला. मोजलेली हवा मिनिटाला ५८ लीटर. कागदावरच्या कामाला ही पुरेशी आहे: टाकी रिकामी झाली तर साडेतीन मिनिटांत भरते.

नंतर एक दोष निघाला. टाकी भरून मोटर थांबली, हवा वापरली, ८५ पीएसआयला प्रेशर स्विचने पुन्हा चालू करायला गेलं की मोटर गुणगुणून जनरेटर बंद. घरच्या विजेवर मात्र चालायची, फक्त जरा जड उठायची. घरीच वापरणाऱ्याला हा दोष कळलाच नसता.

कान लावून ऐकल्यावर कारण कळलं. मोटर थांबली की प्रेशर स्विचच्या बाजूने एक छोटा ‘फुस्स’ येतो. पंपाच्या डोक्यातली अडकलेली हवा तिथून सोडली जाते, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला मोकळं उठता येतं. तो फुस्स दोन सेकंदांत संपला पाहिजे. आमचा बारीक आवाजात चालूच राहायचा. याचा अर्थ टाकीतली हवा एनआरव्हीमधून (हवा एकाच दिशेला जाऊ देणाऱ्या व्हॉल्वमधून) उलटी येत होती आणि पंपाचं डोकं कायम दाबाखाली राहत होतं. टाकी पूर्ण रिकामी करून एनआरव्ही खोलला. रबरी चकतीवर टेफ्लॉन टेपचा एक पांढरा धागा आडवा चिकटलेला, केसाएवढा. कारखान्यातच जोडताना आत गेला असणार. चकती पुसली, बसायची जागा सुती कापडाने साफ केली, परत लावला. फुस्स आला आणि थांबला. त्यानंतर ८५ वर जनरेटर एकदाही बंद पडला नाही.

ही तपासणी नव्या मशीनवर पहिल्या दिवशीच करावी. वॉरंटीत पाठवलं असतं तर महिना गेला असता.

१३ सप्टेंबर, कुंडई

बसवण्याचा दिवस. जागा ट्रेलरच्या डाव्या बाजूला, अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे. एवढ्याशा वजनाने हुकावरचा भार फारसा बदलत नाही, पण टूलबॉक्स, जनरेटर आणि जादा चाकं आधीच पुढे आहेत, तिथे आणखी भर नको होती.

खाली ५ मिमीची चेकर्ड प्लेट, तिच्यावर चार रबर माउंट, ८ मिमीचे बोल्ट आणि नायलॉन लॉक नट. वरून एक रॅचेट पट्टा. नुसत्या रबर माउंटवर भरवसा ठेवू नये, घाटातल्या खड्ड्यात रबर फाटलं तर वीस किलोचं मशीन गाडीच्या दारावर येईल.

ड्रेन कॉक टाकीच्या पोटाखाली असतो, पाना लावून फिरवायचा. पोटावर झोपून हात घालावा लागणार असेल तर कुणीही रोज पाणी काढणार नाही. फॅब्रिकेटर म्हणाला, “बाब, हा बाहेरच काढूया ना.” पाव इंची एल्बो, निपल आणि बॉल व्हॉल्व लावून तो ट्रेलरच्या कडेला आणला. आता उभ्याउभ्या एका बोटाने उघडतो. सगळ्या कामात सर्वांत उपयोगी बदल हाच.

बंद पेटीत चालवून पाहिला तर ओव्हरलोडने मोटर बंद पडली. ऑइल-फ्री पंपाला थंड करायला फक्त वारा, आणि उन्हात उभ्या पत्र्याच्या पेटीत वारा कुठला. पंखा लावायचा विचार होता, पण पंखा हवा फिरवतो ती आतलीच गरम. त्याऐवजी पंपाचं डोकं बाजूच्या झडपेकडे फिरवलं आणि झडपेवर लिमिट स्विच बसवला: झडप उघडली नाही तर कॉम्प्रेसरला करंटच जात नाही. घाईत कुणी झडप बंद ठेवून चालू करू शकत नाही.

२१ सप्टेंबर, फोंडा

आजची नोंद पाण्याची. गोव्यात कॉम्प्रेसर घेणाऱ्याने एचपीपेक्षा या गोष्टीकडे जास्त लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं.

३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे आपल्याकडचा पावसाळ्यातला साधा दिवस. अशा हवेत दर घनमीटरला जवळजवळ २४ ग्रॅम पाणी असतं. २४ लीटरची टाकी ८ बारपर्यंत (म्हणजे ११५ पीएसआयच्या आसपास) भरली की तिच्यात २०० लीटरच्या वर बाहेरची हवा असते. तिच्यातलं पाणी पाच ग्रॅम. टाकीतली दाबलेली हवा थंड झाली की त्यातलं पाऊण ग्रॅमच वाफेच्या रूपात राहू शकतं. उरलेलं सव्वाचार मिली तळाशी. हे एका भरण्याचं.

आज टाकी परत परत भरून रिकामी केली आणि शेवटी बॉल व्हॉल्वखाली काचेचा पेला धरला. पाव पेला पाणी आलं, दुधट, त्यात पत्र्याचे बारीक कण. नवी टाकी, पहिला महिना.

टायरमध्ये याचं काय होतं? १ मिली पाणी २५ लीटरच्या टायरमध्ये थेंबांच्या रूपात गेलं आणि टायर ८० अंशांना तापला की त्या पाण्याची वाफ एकटीच जवळजवळ १ पीएसआय वाढवते. हवा तापून जे वाढतं ते वेगळं, आणि ते चारही टायरना सारखं धरता येतं. पाणी मात्र ज्या टायरमध्ये गेलं तिथेच. भाचा पुष्कळदा सांगायचा, “मामा, पाचव्या लॅपनंतर मागची डावी बाजू सुटते.” आम्ही शॉकअप तपासत बसायचो. मागून आणलेल्या पाइपांतून काय काय टायरमध्ये गेलं असेल, याचा आता अंदाज येतो.

यावर महागडा ड्रायर लागत नाही. टाकीत ८ बारला पूर्ण दमट असलेली हवा टायरमध्ये दीड बारवर येऊन पसरली की तिची आर्द्रता आपोआप ३० टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे थेंब अडवले की पुरे. मॉइश्चर सेपरेटर विकत मिळतो तेव्हा बहुधा रेग्युलेटरला जोडलेला आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच लावायचा असतो. तिथे हवा गरम असते, पाणी अजून वाफेत असतं, ते सेपरेटरमधून सरळ पुढे जातं आणि पाइपात थंड होऊन थेंब होतात. आम्ही टाकीपासून तीन मीटर तांब्याची नळी भिंतीवर वर-खाली वळवून नेली, तिच्या सर्वांत खालच्या टोकाला सेपरेटर आणि त्याच्या पुढे रेग्युलेटर. हा क्रम उलटा करू नये. दाब जास्त असतानाच पाणी सुटतं.

सवय दुसरी: टाकी भरली की दहा मिनिटं थांबायचं, ड्रेन क्षणभर उघडायचा, मग टायर. पांढऱ्या कागदावर ब्लो गन मारून पाहिली. डाग नाही.

नायट्रोजनचा सिलिंडर हाही मार्ग आहे, कोरडा आणि वीज न लागणारा. पण भरलेला सिलिंडर साठ किलोंच्या पुढे जातो, नऊशे किलोमीटर नीट बांधून न्यावा लागतो आणि संपला की परक्या गावात भरणारा शोधायचा. आमच्यासारख्या दोघातिघांच्या टीमला ते झेपत नाही.

२८ सप्टेंबर, फोंडा

गळती. रात्री ११५ वर सोडलेली टाकी सकाळी ४० वर. साबणाचं पाणी लावत गेलो. टाकीकडे सगळं ठीक, गळत होतं ते पीयू (प्लास्टिकच्या) पाइपाच्या पुश-फिट जोडावर, जिथे पाइप नुसता आत दाबून बसवतात. पाइप तिरका कापलेला असला की आतली ओ-रिंग एका बाजूने बसत नाही. ब्लेडने सरळ कापून परत बसवला, थांबली. कॉम्प्रेसर आणि भिंतीवरची नळी यांच्यामध्ये मात्र पीयू काढून जाळीचा रबरी पाइप क्लिपने लावला, कारण मशीन रबर माउंटवर हलतं आणि कडक जोड तिथे टिकत नाही. तांब्याची नळी मशीनला थेट जोडली तर ती महिन्याभरात तडकेल.

११ ऑक्टोबर, कोइमतूर

अनमोड घाटाने वर, धारवाड, बंगळूर, सेलम. निघताना टाकी पूर्ण रिकामी, ड्रेन उघडा; दाबाखालची टाकी रस्त्यावर न्यायची नाही हा नियम ठेवला आहे.

धारवाडला चहासाठी थांबलो तेव्हा सवयीने गेज लावला. फोंड्यात २२ ठेवलेले टायर २३ दाखवत होते, कुणी हवा न भरता. धारवाड साडेसातशे मीटरवर, तिथे बाहेरचाच दाब सव्वा पीएसआयने कमी. कोइमतूर चारशे मीटरच्या आसपास, तिथे पाऊण पीएसआयचा फरक. ट्रॅकवर पोचल्यावर, सावलीत, सगळे टायर नव्याने लावायचे. घरचा आकडा घरीच राहतो.

पॅडॉकमध्ये वीज होती पण सॉकेट लांब आणि त्यावर बरेच जण, म्हणून सकाळीच जनरेटरवर टाकी भरून घेतली. प्रत्येक सेशननंतर गरम टायर मोजून चारही समान केले, एका टाकीत दोन सेशन निघाली. पुढच्या-मागच्या टायरांची वाढ आज पहिल्यांदाच डावी-उजवीकडे जुळली. बॅटरीच्या गनने चाकं दोन माणसांत बदलली. घाटात सेपरेटरच्या वाटीची रिंग मात्र सैल झाली होती, तिथे आता छोटा क्लॅम्प लावायचा आहे.

खर्च असा आला: कॉम्प्रेसर ९,८००, बॅटरीची गन दोन बॅटऱ्यांसह १३,५००, केबल आणि प्लग ३,९००, सेपरेटर-रेग्युलेटर १,४००, तांब्याची नळी, व्हॉल्व आणि जोड २,६००, कुंडईची मजुरी २,०००. एकूण ३३,२०० रुपये. गनसाठी मोठा कॉम्प्रेसर आणि त्याला उठवणारा ५ केव्हीएचा जनरेटर घेतला असता तर याच्या कितीतरी पुढे गेलो असतो, आणि ट्रेलरमध्ये चाकांना जागा उरली नसती.

परत आल्यावर करायचं: सेपरेटरचा क्लॅम्प, सेफ्टी व्हॉल्वची रिंग ओढून तपासणी, आणि एनआरव्ही पुन्हा एकदा खोलून चकती बघणं.